ऑड हे नावच आहे

सुनेत्राला चुका चटकन दिसायच्या. कार्डिफमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स ऑफिसमध्ये ती सहा वर्षं काम करत होती आणि दर सोमवारी सकाळी कॉम्प्युटर जी यादी काढून द्यायचा, ती आपसूक तिच्याकडे आली होती. ज्या पेशंटच्या नोंदीत काहीतरी खटकतंय अशांची ती यादी. कुणाच्या जन्माचं साल २०७४, कुणाच्या पोस्टकोडच्या जागी फोन नंबर, कुणाच्या नावाच्या जागी नुसतंच 'बेबी'. बाकीच्यांना हे काम म्हणजे कटकट वाटायची. सुनेत्रा मात्र चहाचा मग शेजारी ठेवून बसायची आणि अकराच्या आत यादी निकालात काढायची. मॅनेजर केरी नव्या लोकांना सांगायची की काही अडलं तर सुनेत्राला विचारा.

मार्चमधल्या एका सोमवारी यादीत एक्केचाळीस नोंदी होत्या. त्यातली एक होती हाल्वर्सन आडनावाच्या माणसाची. पहिलं नाव लिहिलं होतं, ऑड. इंग्रजीत ऑड म्हणजे विचित्र, चमत्कारिक. असं नाव कोण कशाला ठेवील? कुणाच्या तरी हातून पहिलं अक्षर सुटलं असणार. थोड्याच वेळापूर्वी तिने एका 'आयकल'ला मायकल केलं होतं, त्याच धर्तीवर याचंही झालं असेल. माणसाचं नाव टॉड असणार. नोंदीत फोन नंबर होता. फोन करून खात्री करायला दोन मिनिटं लागली असती. सुनेत्राने ती दोन मिनिटं खर्च केली नाहीत. तिने नावाच्या आधी एक टी टाकला, सेव्ह केलं आणि पुढच्या नोंदीकडे वळली.

एप्रिल संपता संपता केरीने तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. समोर एक फॉर्म होता. वरच्या मजल्यावर, डोळ्यांच्या विभागात, एका पेशंटचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ऐनवेळी रद्द झालं होतं. का झालं, ते तिथल्या नर्सने नीट लिहून काढलं होतं.

ऑपरेशनच्या आधी नर्स पेशंटला त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून सांगायला लावते आणि मनगटावरच्या पट्टीशी ते ताडून बघते. चुकीच्या माणसाचा चुकीचा डोळा कापला जाऊ नये म्हणून हा नियम. या पेशंटने सांगितलं, ऑड हाल्वर्सन, नऊ नोव्हेंबर एकोणीसशे एक्केचाळीस. पट्टीवर होतं टॉड. नर्सने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. तुम्हाला टॉड असंही म्हणतात का, असं तिने त्याला सोपं जावं म्हणून विचारून पाहिलं. त्याने हो म्हटलं असतं तर काम पुढे सरकलं असतं. तो म्हणाला, "टॉड नावाच्या माणसाचं ऑपरेशन करायचं असेल तर त्याला शोधा. मी घरी जातो." आणि हॉस्पिटलचा गाऊन उतरवून, कपडे करून तो खरंच घरी गेला. आता पुढची तारीख सात आठवड्यांनंतरची होती.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती. नावात बदल कोणी केला? त्यापुढे सुनेत्राचा लॉगिन.

केरी रागावली नव्हती. असं होतं कधी कधी, आपल्याकडे माफीच्या पत्राचा नमुना आहे, तो भरून पाठव, असं तिने सांगितलं. सुनेत्राने नमुना उघडला. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल' इथपर्यंत वाचलं आणि बंद केला. मग तिने दोन महिन्यांपूर्वी करायला हवा होता तो फोन केला.

पलीकडचा आवाज शांत होता. सुनेत्राने माफी मागितली आणि मग जड जिभेने पुढचंही सांगितलं. नोंदीतलं नाव परत मूळचं करायचं तर फोटो असलेलं ओळखपत्र बघावं लागेल. नियमच तसा आहे. सांगताना तिची तिलाच लाज वाटली. नाव काढून टाकायला तिला काहीच लागलं नव्हतं आणि परत मिळवायला त्या माणसाला पुरावा लागणार होता. तो मात्र एवढंच म्हणाला की गुरुवारी बसने येतो.

गुरुवारी तो आला. चांगला उंच, पण खांद्यांतून वाकलेला, डोक्यावर लोकरीची टोपी. डावा डोळा दुधाळ झालेला. सँडविच ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याने आपला पासपोर्ट जपून आणला होता. काउंटरवरच्या पाट्या त्याला वाचता येत नव्हत्या, म्हणून सुनेत्रा बाहेर येऊन त्याला खुर्चीपर्यंत घेऊन गेली. पासपोर्टमध्ये ठळक अक्षरांत नाव होतं, ऑड. नॉर्वेच्या सरकारने छापलेलं.

तिने त्याच्यासमोरच नोंद बदलली. मग म्हणाली, "नाव मीच बदललं होतं. मला टायपिंगची चूक वाटली. तुम्हाला फोन करायला हवा होता."

त्याने चांगला डोळा तिच्याकडे वळवून तिला पाहिलं. "तुम्ही पहिल्या नाही," तो म्हणाला.

त्याची परतीची बस पाऊण तासाने होती आणि तिची जेवणाची सुट्टी झाली होती. तिने त्याला खालच्या मजल्यावरच्या कॅफेत कॉफी घ्यायला बोलावलं. काही अपराधीपणातून, काही कुतूहलातून. कॉफी आल्यावर तिने विचारलं की या नावाचा अर्थ काय.

ऑड म्हणजे टोक, त्याने सांगितलं. बाणाचं किंवा भाल्याचं टोक, शस्त्राचा जो भाग सगळ्यात आधी पोचतो तो. फार जुना शब्द, हजारेक वर्षांपूर्वीच्या लोकांच्या भाषेतला. ते लोक असली नावं ठेवायचे. मधली कितीतरी शतकं ती मागे पडली होती. नॉर्वेवर आधी डेन्मार्कचा, मग स्वीडनचा अंमल होता. देश पुन्हा आपला आपण उभा राहायला लागला तेव्हा लोकांनी जुन्या पेटीतून काढावीत तशी ती नावं बाहेर काढली आणि मुलांना दिली. त्याच्या लहानपणी तर ऑडचं पीकच आलं होतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटावर त्याची शाळा. वर्गात चौदा मुलं, त्यांत तीन ऑड. मास्तर त्यांना बापाच्या बोटीच्या नावाने ओळखायचे.

सुनेत्राला हसू आलं. तिच्या काकांच्या वर्गात चार सुरेश होते, ते तिने त्याला सांगितलं.

"तिघांतल्या कुणाचंच नाव बदललं नाही?" तिने विचारलं.

नाही, तो म्हणाला. तीन तर तीन. हाक मारली की तिघंही बघायचे, त्यात काय एवढं. मग पुढे शाळाशाळांतून इंग्रजी आलं, घराघरात टीव्ही आला आणि ऑडचा इंग्रजीत काय अर्थ होतो ते सगळ्यांना कळलं. आईबाप बिचकले. आता तिकडे हे नाव कुणी ठेवत नाही म्हटलं तरी चालेल. वर्तमानपत्रात दिसतं, पण निधनाच्या पानावर. "नावाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "शेजारच्या भाषेत त्याचा अर्थ वाईट निघाला, एवढंच."

तो वीस वर्षांचा असताना लाकूड घेऊन येणाऱ्या जहाजावरून कार्डिफला आला होता. तेव्हा बंदराजवळच्या नॉर्वेजियन चर्चमध्ये खलाशांना गावाकडची वर्तमानपत्रं आणि गरम वॅफल्स मिळायची. तिथेच मदतीला येणारी मेअर नावाची वेल्श मुलगी त्याला भेटली आणि तो जहाजावर परत गेलाच नाही. लग्न झालं, पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली. पहिल्या दिवशी फोरमनने नाव ऐकलं, मान हलवली आणि हजेरीच्या कार्डावर नॉर्मन असं लिहिलं. विचारलं वगैरे नाही. पुढे कारखाना बंद होईपर्यंत तो नॉर्मनच राहिला. तेव्हा तो नवा होता, भांडण नको होतं, आणि खरं सांगायचं तर सोपंही होतं.

"मग आता का नाही हो म्हणालात?" सुनेत्राने जपून विचारलं. "त्या दिवशी, नर्सला?"

त्याने कपातली कॉफी उगीचच ढवळली. "मेअरला जाऊन दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "घरात मी ऑड होतो. ती दिवसातून पन्नास वेळा हाक मारायची, बहुतेक वेळा चिडून. ती गेल्यावर कारखान्यातल्या जुन्या मित्रांची कार्डं आली, सगळी नॉर्मनला. शेजारचे मिस्टर एच म्हणतात. त्या दिवशी सकाळी मी विचार करत होतो की आज निदान ऑपरेशनच्या आधी कुणीतरी मला ऑड म्हणेल. नियमच आहे ना तो. आणि पट्टीवर बघतो तर टॉड."

तिने पुन्हा एकदा सॉरी म्हटलं. त्याने हाताने ते बाजूला सारलं आणि पुढे झुकून तिच्या गळ्यातलं ओळखपत्र चांगल्या डोळ्याजवळ धरलं. एकेक अक्षर लावत वाचलं. सु-ने-त्रा. याचा काय अर्थ, त्याने विचारलं. सुंदर डोळ्यांची, तिने सांगितलं. तो मनापासून हसला आणि म्हणाला की मग तुम्ही वरच्या मजल्यावर काम करायला हवं.

तीही हसली. आणि मग, का ते तिचं तिलाही कळलं नाही, ती म्हणाली, "हे माझं पहिलं नाव नाही."

तिने त्याला सांगितलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे, निदान आमच्या घरांत होती. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. तिच्या थोरल्या जाऊबाईंचं नाव आणि तिचं नाव एकच होतं. एका घरात दोन कशा चालतील, असं सासूबाई म्हणाल्या. जाऊबाई आधी आलेल्या होत्या. म्हणून नंतर आलेलीने नाव सोडलं. एकोणीस वर्षं झाली.

"तुम्हाला विचारलं होतं?"

"नाही. पण तेव्हा सगळ्यांचंच बदलायचे."

त्याने आधीचं नाव विचारलं.

"रचना," ती म्हणाली.

त्याने ते दोनदा उच्चारून पाहिलं. त्याचा र इंग्रजांसारखा गिळलेला नव्हता, चांगला खणखणीत होता. शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कधीमधी कुणीतरी हे नाव लिहायचं, तेवढंच. कुणी तिला त्या नावाने हाक मारल्याला मात्र फार वर्षं लोटली होती. सुनेत्राने घड्याळात पाहिलं आणि बसची वेळ झाली असं सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने घरात ही हकिगत सांगितली. तिचा नवरा शशिधर दुसऱ्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. नावाची खात्री करून घेणं हा त्याच्याही रोजच्या कामाचा भाग, त्यामुळे त्या म्हाताऱ्याने गाऊन उतरवून चालू लागावं याचं त्याला कौतुकच वाटलं. नर्सने अगदी बरोबर केलं, असंही तो म्हणाला. मग सुनेत्राने कॅफेत आपण काय बोललो तेही सांगितलं. त्यांची तेरा वर्षांची मुलगी वरदा खाता खाता थांबली.

"मम्मी, तुझा आधी वेगळा नाव होता? आणि तू काहीच नाही बोलली?"

"वेगळं नाव होतं," सुनेत्राने सवयीने सुधारलं. "आणि नाही बोलले."

"बट दॅट्स सो वीअर्ड," वरदा म्हणाली. काकूची नाव पण रचना आहे, मग काय झाला, आमच्या क्लासमध्ये तर तीन ऑलिव्हिया आहेत, असं तिने बरंच काही ऐकवलं आणि फोन घेऊन वर गेली.

शशिधर ताटातल्या भाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईने कागदावर लिहून दिलं होतं. मी नुसतं उतरवलं. तुला काय वाटत असेल हे मनातच आलं नाही, खरं सांगतो. मला फक्त अक्षर नीट यायला हवं याची काळजी होती, व्हिडिओवाला समोर होता."

मग त्याने विचारलं, "परत बदलून घ्यायचं का? इथे डीड पोल म्हणून एक कागद करतात, त्याने होतं ते. अवघड नाही."

सुनेत्राने खरोखरच विचार करून पाहिला. पासपोर्ट, नोकरी, वरदाच्या शाळेतले कागद. पण अडचण कागदांची नव्हती. या शहरात ती आली ती सुनेत्रा म्हणून. इथे पहिल्यांदा बर्फात एकटी चालली, बाळंत झाली, ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झाली, ती सुनेत्राच. त्या नावावर तिचा राग नव्हता.

"नको," ती म्हणाली. "नाव बदलायचं नाहीये मला. तेव्हा एकदा विचारायला हवं होतं, एवढंच वाटतं."

"हो," शशिधर म्हणाला. "विचारायला हवं होतं."

त्याने यावर आणखी काही सारवासारव केली नाही, हे तिला बरं वाटलं. मग त्याने भांडी घासायला घेतली आणि सुनेत्रा ती पुसून ठेवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये तिने हाल्वर्सनची नोंद पुन्हा उघडली. लाल रंगात दिसणाऱ्या सूचनेच्या चौकटीत तिने लिहिलं, 'ऑड हे नावच आहे. बदलू नये.' केरीला सांगून तिने आणखीही एक गोष्ट ठरवून घेतली. यापुढे यादीतलं कुठलंही नाव पेशंटला फोन केल्याशिवाय दुरुस्त करायचं नाही. त्यामुळे यादी अकराऐवजी एक वाजेपर्यंत चालायला लागली. केरीने दोन-तीनदा घड्याळाकडे पाहिलं.

जूनमध्ये ऑपरेशनचा दिवस आला. सुनेत्रा सकाळी आठला वरच्या मजल्यावर गेली आणि जिन्याच्या दाराशी उभी राहिली. तिचं तिथे तसं काहीच काम नव्हतं. पंधरा-वीस माणसं खुर्च्यांवर बसली होती, बहुतेक वयस्कर. तो कडेच्या खुर्चीत ताठ बसला होता, टोपी मांडीवर. एक तरुण नर्स हातात फाइल घेऊन आली आणि मोठ्याने म्हणाली, "मिस्टर ऑड हाल्वर्सन?"

आजीला घेऊन आलेल्या एका मुलाने फोनमधून डोकं वर काढलं आणि हसू दाबलं. बाकी कुणाचं लक्ष गेलं नाही. तो उठला, शर्टाची कॉलर नीट केली आणि नर्सच्या मागे चालू लागला. दाराशी तिने त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं, तिने त्याच्या मनगटावरची पट्टी पाहिली आणि मान डोलावली. दार बंद झालं. सुनेत्रा खाली आली. त्याने तिला पाहिलं नव्हतं आणि तिलाही ते नको होतं.

तीन आठवड्यांनी तो तपासणीसाठी आला तेव्हा मात्र मुद्दाम रेकॉर्ड्सच्या काउंटरवर थांबला. दुसऱ्या डोळ्याचीही तारीख मिळालीय, असं त्याने सांगितलं. घरातल्या भिंतींना रंग द्यायला हवाय हे आता दिसायला लागलं, मेअर असती तर कधीचं बोलली असती, असंही म्हणाला. त्याच्यामागे रांग होती, म्हणून दोन मिनिटांतच तो गेला.

त्या रविवारी सुनेत्राने नेहमीप्रमाणे सांगलीला आईला फोन लावला. आई, म्हणजे सुमनताई, एकट्याच राहायच्या. हवापाणी झालं, गुडघे झाले, वरदाची परीक्षा झाली. बोलता बोलता सुनेत्राच्या एक गोष्ट लक्षात आली. आई तिला 'अगं' म्हणत होती, 'बाळा' म्हणत होती, मध्येच 'बाई गं' म्हणत होती. तिने मागचं आठवून पाहिलं. लग्न झाल्यापासून आईने तिला नावाने हाक मारल्याचं तिला आठवेना. ना या, ना त्या.

"आई, तू मला नावाने का हाक मारत नाहीस?"



"त्यांनी दिलेलं तोंडात बसेना," सुमनताई म्हणाल्या. "आणि आपलं घेतलं तर तुझ्या सासरी वाईट दिसेल. चार माणसांत चुकून तोंडातून गेलं तर तुलाच ऐकावं लागलं असतं. मग म्हटलं, काहीच नको."

सुनेत्रा जिन्याच्या पायरीवर बसली. रचना हे नाव कुणी सुचवलं होतं, असं तिने विचारलं. हे तिने कधीच विचारलं नव्हतं.

बाबांनी, आई म्हणाली. बाबा तेव्हा छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे. ती झाली त्या आठवड्यात त्यांच्याकडे शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकाचं काम चाललं होतं. एका धड्याचं नाव होतं 'वाक्यरचना'. मोठा टाइप, पान अरुंद, म्हणून वाक्य एका ओळीत आणि रचना खालच्या ओळीत गेली. बाबा ते प्रूफ घरी घेऊन आले. म्हणाले, हा खालचा शब्द एकटाच बघ, किती छान बसलाय. आत्याच्या मनात दुसरंच नाव होतं, तिला देवीचं हवं होतं. दोन दिवस ती बाबांशी बोलली नाही. पण पाळण्यात नाव सांगायची वेळ आली तेव्हा तिने तेच सांगितलं.

"कागद होता कितीतरी वर्षं," आई म्हणाली. "पुराच्या वेळी गेला. रचनाच्या बारशाला पाऊस नव्हता, मे महिना होता, पण पंखा बंद पडलेला. रचनाला घाम आलेला नुसता. मी पदराने वारा घालत होते."

आधी आई रचनाबद्दल एखाद्या तिसऱ्याच मुलीबद्दल बोलावं तशी बोलत होती. हळूहळू 'तू' आलं, मग 'तू' आणि 'रचना' एकाच वाक्यात यायला लागलं. सुनेत्राने मध्ये अडवलं नाही. खालून वरदाने काहीतरी विचारलं, तिलाही तिने हातानेच थांब म्हटलं.

"आणि रडत होतीस केवढी," सुमनताई सांगत होत्या. "आत्याने कानात नाव सांगितलं तशी गप्प झालीस म्हणे. खरं-खोटं कुणास ठाऊक. तुझ्या आत्याला वाढवून सांगायची सवय होती."